गॅरेजमधले माड

"जावईबुवा काय करून राहिले?" अमरावतीहून बाबांनी फोनवर विचारलं, तेव्हा जावईबुवा माझ्यासमोरून जास्वंदीची कुंडी पोटाशी धरून गालिच्यावर चिखल सांडत चालले होते.

"झाडं घरात आणून राहिले," मी म्हणाले.

"मांगच्या वर्षी बी तेच करून राह्यले होते."

"दरवर्षी तेच करतात, बाबा."

बाबा घसा खाकरून म्हणाले, "हे पाय, प्रमिला. बावीस जानेवारीले माह्यं सहस्रचंद्रदर्शन करतो म्हणतात पोरं. तू त येशीनच. पण त्याईले घेऊन ये. लग्नात मले त्याईचे पाय धुवाचे राहून गेले. ते धुवाचे हायेत."

आमच्या लग्नाला बाबा आले नव्हते. मी अमरावतीच्या काळमेघ मास्तरांची मुलगी आणि यशवंत गुहागरजवळच्या पालशेतचा खातू. पुण्यात नोकरीच्या ठिकाणी ओळख झाली आणि आम्ही रजिस्टर लग्न केलं. दोन वर्षं बाबांनी माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाही. पुढे हळूहळू बोलायला लागले, पण लग्नाचा विषय त्यांनी कधी काढला नाही. आणि आता ऐंशी ओलांडल्यावर, सगळं घर कान देऊन बसलेलं असताना ते हे म्हणत होते.

फोन ठेवून मी यशवंतला सगळं सांगितलं. त्याने कुंडी खिडकीशी टेकवली, तिची पानांची बाजू उजेडाकडे फिरवली, हात पँटला पुसले आणि गेली नऊ वर्षं मी जे ऐकत आले होते तेच म्हणाला.

"झाडांचं काय?"

ही गोष्ट शहाण्णव सालची. कॅनडात ओंटारिओमध्ये किचनर नावाचं गाव आहे, तिथे आम्ही राहायचो. डिसेंबर ते मार्च तिथे पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो आणि अंगणात फावड्याने बर्फ उपसावा लागतो. अशा गावात यशवंतने कोकण लावलं होतं. केळ, सोनटक्का, अनंत, मोगरा, कण्हेर, लिंबू, कढीपत्ता, चार रंगांच्या जास्वंदी. उन्हाळ्याचे चार महिने आमची बाग बघायला लोक गाड्या थांबवायचे. उरलेले आठ महिने ती बाग माझ्या घरात राहायची. न्हाणीघरातल्या टबात सोनटक्क्याचे कंद, त्यामुळे आंघोळीला खालच्या मजल्यावर जायचं. मुलगा शिकायला दुसऱ्या गावी गेला, त्याचा पलंग निवायच्या आत त्यावर लिंबांच्या कुंड्या आल्या. पाहुणे आले की आधी अनंताला नमस्कार करून, त्याच्या बाजूने अंग चोरून, मग सोफ्यावर.

आणि गॅरेजमध्ये माड. खरं तर ते चिनी ताड होते, थंडी थोडीफार सोसणारे. पानं पंख्यासारखी, खोडाला काथ्या गुंडाळल्यासारखे केस. पण यशवंत त्यांना माड म्हणायचा, एक मोठा आणि एक धाकटा. अर्ध्या कापलेल्या लाकडी पिंपांत ते उभे असायचे. ऑक्टोबरात त्यांना ढकलत गॅरेजमध्ये न्यायचं, पानं दोरीने वर बांधायची, एक लहान हीटर लावायचा, म्हणजे आतलं पाणी गोठत नाही एवढी ऊब राहते. आमची मोटार मात्र बाहेर बर्फात. रोज सकाळी कामावर जाण्याआधी मी काच खरवडायचे आणि आत माड मजेत उभे असायचे.

त्या गॅरेजमध्ये यशवंत रोज दोनदा जायचा. हातात मग घेऊन जायचा, अर्ध्या तासाने यायचा. काय करतोस विचारलं तर म्हणायचा, "पाणी. दोन दिवस नाही बघितलं तर जातील ती."

म्हणून आम्ही हिवाळ्यात कुठे जायचो नाही. आणि आपल्याकडे जे काही होतं ते हिवाळ्यातच होतं. माझ्या भावाचं लग्न, भाच्याची मुंज, कॉलेजच्या मैत्रिणींचं जमणं. उन्हाळ्यात जाऊ म्हटलं तर बाग ऐन भरात, शिवाय "जून-जुलैत कोकणात जाऊन काय पावसात बसायचं?" मी दोनदा मुलाला घेऊन एकटी जाऊन आले. जावई कुठेत म्हणून सगळे विचारायचे आणि मला तोंड वर करून सांगावं लागायचं की ते झाडांना पाणी घालताहेत. माझी चुलतबहीण म्हणाली होती, "कॅनडात नळ नसतात का गं?"

त्या दिवशी मात्र मी हटून बसले. "बाबांनी तोंडाने मागितलंय, यशवंत. वीस वर्षांत पहिल्यांदा."

"मी नाही कुठे म्हणतोय."

"मग हो म्हण."

"बघू."

"बघू नाही. मी तिकिटं काढते दोन. तुझं नको असेल तर डिसेंबर संपायच्या आत तू स्वतः फोन करून रद्द करायचं. आणि मग बाबांनाही तूच फोन करायचा."

तो पुढची कुंडी आणायला गेला. मी तिकिटं काढली.

नोव्हेंबरच्या मध्यावर, दिवाळी होऊन चार-पाच दिवस झाले होते, गॅरेजमधून एक विचित्र हाक आली. जाऊन बघते तर यशवंत मोठ्या माडाच्या पिंपाला मिठी मारून अर्धवट वाकलेला. वरही होता येईना आणि खालीही. त्याला पिंप चार बोटं सरकवायचं होतं. का, तर दाराच्या फटीतून वारा येत होता.

"हाक मारली असतीस तर मी आले असते," मी म्हणाले.

"आता मारली ना."

कमरेत उसण भरली एवढ्यावर निभावलं असतं तर बरं, पण डॉक्टर म्हणाला मणक्यातली चकती सरकली आहे. दीड महिना अंथरूण, जिना उतरायचा नाही, वाकायचं तर नावच नको. आमची झोपायची खोली वर आणि गॅरेज खाली, स्वयंपाकघराला लागून. गृहस्थ वर अडकला आणि त्याची सगळी प्रजा खाली माझ्या पदरात आली.

पहिल्याच संध्याकाळी मी वर जाऊन विचारलं, "माडांना पाणी किती घालायचं?"

तो छताकडे बघत राहिला. "राहू दे. नाही घातलं काही दिवस तर चालेल."

"चालेल? दोन दिवसांत जातात ना ती?"

"म्हणजे, तसं नाही."

"मग कसं?"

त्याने पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. मग म्हणाला, "थोडंसं घाल."

मला त्याचा राग आला. मला वाटलं, माझ्या हाताने त्याच्या झाडांना पाणी घातलेलं त्याला सोसत नाही. त्याच वेळी माझ्या मनात एक बेतही आला. आपण ही झाडं अशी सांभाळायची की नाव ठेवायला जागा उरता कामा नये. पाच-सहा आठवडे आपण केलं की यशवंतला कळेल, हे काम दुसऱ्या कोणालाही जमतं. मग जानेवारीत शेजारच्या मार्गारेटबाईंना किल्ली द्यायची, काय करायचं ते लिहून द्यायचं आणि दोघांनी निघायचं. बाबांची इच्छा त्या दोन पिंपांवर अवलंबून आहे अशा जिद्दीने मी कामाला लागले.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी एक बादली मोठ्याला आणि एक धाकट्याला. सासूबाई पालशेतला माडांच्या आळ्यांत रोज पाणी सोडायच्या, ते मी लग्नानंतर पहिल्यांदा गेले होते तेव्हा बघितलं होतं. माड म्हटला की पाणी, एवढं मलाही कळत होतं. पण इथे नळाचं पाणी हात कापून काढणारं, ते त्या बिचाऱ्या झाडांवर ओतायला माझा जीव होईना. म्हणून मी पाणी कोमट करून घ्यायचे. आणि नुसतं मुळाशी नाही. धुळीने पानं मळली होती, तेव्हा वेताच्या बुटक्या मोड्यावर चढून, मगाने भरभरून, डोक्यावरून आंघोळ. पहिल्या दिवशी पाणी खोडाच्या केसांतून निथळायला लागलं तेव्हा मला अगदी पुण्य केल्यासारखं वाटलं.

वर बिछान्यात यशवंतला सगळं ऐकू जायचं. स्वयंपाकघरातला नळ सोडला की त्याच्या उशामागचा पाइप गुणगुणायचा.

"किती झाल्या?" तो वरून ओरडायचा.

"दोन."

"एकच पुरे आज."

"तू गप्प पड."

एकदा मी बाहेरून आले तर तो जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर कठडा धरून उभा. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. "काय करतोयस?" "जरा बघून येतो गॅरेजमध्ये." मी त्याला धरून परत वर नेलं आणि नेता नेता एवढं ऐकवलं की मार्गारेटबाईंच्या कुत्र्यानेही भुंकणं थांबवलं असेल. माझ्यावर एवढाही भरवसा नाही का, असं विचारलं. तो म्हणाला, "भरवसा आहे गं. तोच तर..." आणि त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. मला वाटलं दुखतंय म्हणून.

असे पाच आठवडे गेले. डिसेंबरच्या वीस-एकवीस तारखेला मोठ्या माडाचं मधलं पान, शेंड्यातून सरळ वर येतं ते न उलगडलेलं कोवळं पान, मला जरा तपकिरी दिसलं. वाळकं असेल म्हणून मी ते दोन बोटांनी धरून हलकेच ओढलं.

ते हातात आलं. जोर न लावता, म्यानातून सुरी यावी तसं सरकत आलं. खालचं टोक काळं, बुळबुळीत, आणि वास असा की मी मोड्यावरून खाली उतरले आणि दार उघडून उभी राहिले. कोकणातली नसले तरी माडाचा कोंब गेला म्हणजे माड गेला हे मला माहीत होतं. तो एकाच जागेवरून वाढतो. धाकट्याचा कोंब धरून बघितला, तोही हलत होता.

मी सरळ रडायला लागले. नऊ वर्षं त्याने जपलेली झाडं मी पाच आठवड्यांत मारली. आता कोणत्या तोंडाने त्याला विमानात बसवणार होते मी?

ते पान वर्तमानपत्रात गुंडाळून मी मोटारीत घातलं आणि सिल्व्हियोकडे गेले. सिल्व्हियो म्हणजे गावाबाहेरच्या नर्सरीचा मालक, सत्तरीचा इटालियन. स्वतःची अंजिराची झाडं तो दर नोव्हेंबरात आडवी पाडून मातीत पुरायचा आणि एप्रिलमध्ये उकरून उभी करायचा. यशवंतने माड त्याच्याकडूनच घेतले होते. दोघांचं चांगलं जमायचं.

सिल्व्हियोने पान उलगडून नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं. "पाणी," तो म्हणाला. "कोणी घातलं?"

"मी."

"किती?"

मी सांगितलं. कोमट केल्याचंही सांगितलं. डोक्यावरून आंघोळ घातल्याचंही.

त्याने क्षणभर डोळे मिटले. "बाई, थंडीत ही झोपलेली असतात. झोपलेल्या माणसाच्या तोंडात कोणी रोज बादलीभर सूप ओततं का? यशने सांगितलं नाही तुला?"

"त्यांना रोज पाणी लागतं म्हणूनच तर तो नऊ वर्षं हिवाळ्यात घराबाहेर पडला नाही."

सिल्व्हियो माझ्याकडे बघत राहिला. मग हातातलं पान त्याने टेबलावर ठेवलं. "तुझा नवरा दर ऑक्टोबरात इथे येतो. माझ्या गिऱ्हाइकांना उभा राहून शिकवतो. ताड घेतला की आत ठेवा, कुलूप लावा, नोव्हेंबर ते मार्च विसरून जा. महिन्यातून एखादा मग पुरे. घरातल्या कुंड्यांना शेजाऱ्याकडून आठ दिवसांनी थोडं पाणी. आणि तुम्ही फ्लोरिडाला जा, असं म्हणतो. लोक हसतात. दरवर्षी हेच म्हणतो."

परत येताना मी रस्त्यात एका बाजूला मोटार थांबवली. रडू केव्हाच थांबलं होतं. तळपायाची आग मस्तकाला गेली म्हणतात ना, त्या आगीवर त्या दिवशी अख्खं किचनर शेकलं असतं. नऊ वर्षं. भावाच्या लग्नात मी एकटी मिरवले ती. बहिणींच्या थट्टा गिळल्या त्या. मोड्यावर चढून दोन बादल्या रोज, त्या. आणि हा माणूस वर पडून ते सगळं ऐकत होता.

घरी गेले, वर गेले, आणि पुडकं त्याच्या पांघरुणावर ठेवलं.

त्याने वर्तमानपत्र उघडलं. काय, कसं, काही विचारलं नाही. वास येत होता तरी पान हातात धरून राहिला.

"मोठ्याचा की धाकट्याचा?"

"मोठ्याचा. धाकट्याचाही हलतोय."

"सिल्व्हियोकडे गेली होतीस?"

"हो."

"काय म्हणाला?"

"फ्लोरिडाला जा म्हणाला."

यशवंतने पान खाली ठेवलं.

"पाच आठवडे," मी म्हणाले. "पाच आठवडे मी तुझ्या डोळ्यांदेखत..."

"कानांदेखत."

"मस्करी करू नकोस. आज करू नकोस. तू रोज ऐकत होतास ना?"

"रोज. पाइप वाजला की मोजायचो."

"मग एक शब्द बोलायला काय झालं होतं? नको घालूस, मरतील. एवढंच. जीव आहे ना तुझा त्यांच्यावर?"

"आहे."

"मग?"

"मग तू म्हणाली असतीस, असं आहे तर चल."

मी खुर्चीवर बसले. बाहेर बर्फ पडायला लागला होता आणि दुपारचे तीन वाजले तरी खोलीत दिवा लावावा लागला होता.

"बाबांनी पाय धुवायचे म्हटलं," मी म्हणाले. "ऐंशी वर्षांच्या माणसाने. आणि तुला माझ्याबरोबर यायचं नाही म्हणून तू माड मरू दिलेस. माझ्या माणसांचा एवढा राग आहे तुला?"

"तुझ्या माणसांचा नाही." तो कुशीवर वळायला गेला आणि कळ आल्यामुळे तसाच राहिला. "अमरावतीला गेलो की पालशेतला जावंच लागणार. एवढ्या लांब येऊन आक्काला न भेटता कसा जाणार?"

आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. लग्न होऊन तीन वर्षांत नवरा गेला तेव्हा माहेरी परत आली ती कायमची. सासूबाईंना अर्धांगवायू झाला आणि चार वर्षं त्या अंथरुणावर होत्या, तेव्हा सगळं आक्काने एकटीने केलं. त्या चार वर्षांत आम्ही गेलो नव्हतो. घर नवं घेतलं होतं, मुलगा लहान होता, यशवंतची नोकरी एकदा जाऊन दुसरी लागली होती. सत्त्याऐंशीच्या डिसेंबरात सासूबाई गेल्या. तेव्हाही, आता जाऊन काय करायचं, असं तोच म्हणाला होता. ते मला तेव्हा पटलं होतं. पुढच्या वसंतात त्याने सिल्व्हियोकडून दोन माड आणले, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

"चार वर्षं मी तिला कळवत होतो, पुढच्या हिवाळ्यात नक्की येतो," यशवंत म्हणाला. "चारदा. शेवटच्या पत्रात आक्काने लिहिलं होतं, आईचं अंथरूण खिडकीशी हलवलंय, तिथून रस्ता दिसतो. तुझी वाट बघायला बरं पडतं तिला."

"हे पत्र मला दाखवलं नाहीस."

"नाही."

"आक्का तुला काही बोलेल असं वाटतं?"

"बोलणार नाही. पाणी देईल, चहा देईल. मग मी तिथे बसणार आणि ती खिडकी समोर असणार." त्याने हाताने तोंड पुसलं. "पहिल्या वर्षी खरंच वाटलं होतं की झाडांना माझी गरज आहे. मला काही माहीतच नव्हतं तेव्हा. दुसऱ्या वर्षी कळलं की नाही. पण तोवर सगळ्यांना सांगून झालं होतं. बरं वाटायचं गं, कोणीतरी आपल्यावाचून मरेल म्हणायला."

मला त्याची कीव आली आणि त्याला गदागदा हलवावंसंही वाटलं. दुसरं करता येत नव्हतं, कारण मणका.

"तू रोज दोनदा गॅरेजमध्ये काय करायचास?"

"काही नाही. उभा राहायचो."

"अर्धा तास?"

"बंद गॅरेजमध्ये थंडीत जरा पालशेतसारखा वास येतो. ओल्या काथ्याचा."

मी उठले आणि पुडकं गुंडाळलं. खोलीभर वास सुटला होता. "हे बघ," मी म्हणाले, "तिकीट रद्द करायचं नाही. अमरावतीला जायचं, तिथून पालशेतला जायचं. आक्काला आधी कळवायचं नाही, कारण कळवलंस की तुला दुसरं काहीतरी होईल. मणका झाला, आता गुडघे काढशील. आणि ते घरातलं जंगल मार्गारेटबाई बघतील. आठ दिवसांनी एक मग, मी चिठ्ठी लिहून देते."

"जास्वंदीला जरा जास्त लागतं," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं.

"एक मग पुरे," तो म्हणाला.

बावीस जानेवारीला अमरावतीत बाबांनी त्याचे पाय धुतले. पाटावर बसलेला यशवंत लाजेने लाल झाला होता आणि बाबांचे हात कापत असल्यामुळे परातीतलं अर्धं पाणी माझ्या नव्या लुगड्यावर आलं. धुऊन झाल्यावर पाय पुसायला बाबांनी स्वतःच्या खांद्यावरचं उपरणं घेतलं. "झालं," ते म्हणाले, "आता राह्यलं नाही काही." मी आत जाऊन पोटभर रडून घेतलं.

पालशेतला जाताना यशवंतने माझे नाकी नऊ आणले. कऱ्हाडला त्याला वाटलं की कमरेत कळ येतेय. चिपळूणला म्हणाला, न सांगता जाणं बरं नाही, आज इथेच राहू आणि निरोप पाठवू. गुहागरला उतरल्यावर त्याला आक्कासाठी मिठाई घ्यायची होती, मग ती मिठाई ताजी वाटेना, मग दुसरं दुकान. शेवटी मी रिक्षावाल्याला सांगितलं, "भाऊ, हे काय म्हणतील तिकडे लक्ष देऊ नका, पालशेतला चला."

आक्का घराजवळच्या माडांच्या वाडीत होती. साठीची झाली असेल. पडलेली झावळी ओढत घराकडे आणत होती. बेड्याशी, कुंपणातल्या बांबूंच्या फाटकाशी, कोणीतरी उभं आहे हे बघून तिने डोळ्यांवर हात धरला.

"कोण ता?"

मिठाईचा पुडा दोन्ही हातांत धरून यशवंत नुसता उभा. मला त्याला कोपराने ढोसावं लागलं.

"मी, आक्का. यशवंत."

आक्का हलली नाही. झावळीचं टोक तिच्या हातात तसंच होतं. तिने आधी त्याला नीट बघितलं, मग मला, मग पुन्हा त्याला. चौदा वर्षांत त्याचे केस बरेच गेले होते.

"आणि तुझी झाडं रे?" ती म्हणाली. "ती कोण बघतंय?"

तिलाही त्याने दर दिवाळीच्या फोनवर तेच सांगितलं होतं, हे मला त्या क्षणी कळलं.

"मेली, आक्का," यशवंत म्हणाला. "दोन्ही माड मेले."

"मेले?"

"हो."

आक्काने झावळी खाली टाकली. पदराला हात पुसत ती बेड्यापाशी आली आणि तिने त्याच्या हातातला पुडा काढून माझ्याकडे दिला.

"बरं झालं," ती म्हणाली. "नऊ वर्षं वाट बघत होते मी, कधी मरतायत म्हणून."